डॅशबोर्डवरची बटणं परत द्या

गाडी घ्यायची म्हटलं की चार माणसांची चार मतं ऐकायला मिळतात. कुणी इंजिनाबद्दल बोलतं, कुणी मायलेजबद्दल, कुणी बजावतं की आता घ्यायचीच तर इलेक्ट्रिक घे. अलीकडे या गप्पांत स्क्रीनच्या आकाराची भर पडली आहे. किती इंची आहे, आडवी की उभी, तिच्यावर काय काय दिसतं, हे लोक हौसेनं सांगतात. पावसात जाताना रस्त्यावरची नजर न हलवता वायपरचा वेग बदलता येतो का, हा प्रश्न मात्र शोरूममध्ये कुणी विचारताना मी फारसं ऐकलेलं नाही. माझ्या मते तो पहिल्या दोन-तीन प्रश्नांत यायला हवा. आणि त्याचं उत्तर ग्राहकाच्या आवडीवर किंवा कंपनीच्या मर्जीवर सोडण्याजोगं नाही, ते कायद्यानं बांधून घ्यायला हवं.

कारण चालकाचं लक्ष ही एकट्या चालकाची गोष्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगभरात वर्षाला सुमारे ११ लाख ९० हजार माणसं रस्त्यांवर जीव गमावतात. त्यांतली निम्म्याहून अधिक पायी चालणारी, सायकलवरची किंवा दुचाकीवरची असतात. पाच ते एकोणतीस या वयोगटात तर मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण रस्ताच आहे. यातल्या पायी चालणाऱ्याभोवती ना पत्रा असतो, ना पट्टा, ना एअरबॅग. त्याला वाचवणारी गोष्ट एकच: समोरच्या गाडीतल्या माणसानं त्याला वेळेत पाहणं. ती नजर गाडीच्या कंपनीनं स्वतःच्या सोयीसाठी खर्च करायची, आणि त्याचा हिशेब मात्र ज्यानं ती गाडी कधी निवडलीच नाही त्यानं चुकवायचा, हे मला अन्यायाचं वाटतं.

ताशी १०० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर कापते. दोन सेकंद नजर खाली गेली की ५५ मीटर रस्ता न बघता मागे पडला. हे दोन सेकंद मी उगाच निवडलेले नाहीत. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या वाहतूक संस्थेनं सुमारे शंभर गाड्यांत कॅमेरे बसवून लोक रोजच्या प्रवासात प्रत्यक्षात काय करतात ते टिपलं होतं. २००६ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. जवळजवळ ८० टक्के अपघातांत, धडकेच्या आधीच्या तीन सेकंदांत चालकाचं लक्ष दुसरीकडे गेलेलं होतं. आणि नजर दोन सेकंदांहून जास्त वेळ रस्त्यावरून हटली की धोका निदान दुपटीनं वाढत होता. याच धर्तीवर अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनानं २०१३ मध्ये गाडी कंपन्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. कुठल्याही कामासाठी एका वेळी नजर दोन सेकंदांहून जास्त हटू नये, आणि सगळं मिळून ते काम बारा सेकंदांत उरकावं, अशी ती अपेक्षा होती. सूचना ऐच्छिक होत्या. त्यानंतरच्या दहा वर्षांत स्क्रीन कशा फोफावल्या ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

मध्यंतरी भाड्यानं घेतलेली एक नवी कोरी गाडी मी भर पावसात चालवत होतो. आत चौघं, सगळ्यांचे कपडे ओले, आणि बघता बघता समोरची काच आतून पांढरी झाली. जुन्या गाडीत अशा वेळी हात आपोआप एका गोल खटक्याकडे जातो. तो टोकापर्यंत फिरवला की काचेवर वारा लागतो. डोळ्यांचा त्याच्याशी काही संबंध येत नाही. इथे स्क्रीनवर नकाशा उघडा होता. खालच्या कोपऱ्यात पंख्याचं बारकं चित्र होतं, ते दाबल्यावर दुसरं पान उघडलं. त्या पानावर सीट गरम करायची चित्रं, माणसाच्या आकृतीभोवती वाऱ्याचे बाण आणि दोन्ही बाजूंची तापमानं. काचेचं चिन्ह यातलं कोणतं हे शोधेपर्यंत गाडी खड्ड्यातून गेली आणि बोट भलतीकडेच टेकलं. पान बंद होऊन पुन्हा नकाशा समोर आला. एवढ्या वेळात समोरच्या ट्रकचे मागचे दिवे म्हणजे नुसता लाल डाग झाला होता. शेवटी शेजारी बसलेल्यानं ते काम केलं. मी एकटा असतो तर कडेला थांबण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि त्या रस्त्याला थांबण्याजोगी कड नव्हती.

हा एकट्यादुकट्याचा अनुभव म्हणून सोडून देता आला असता, पण याची रीतसर मोजदाद झालेली आहे. स्वीडनमधल्या वी बिलेगरे या गाड्यांना वाहिलेल्या नियतकालिकानं २०२२ मध्ये अकरा नव्या गाड्या आणि २००५ सालची एक व्होल्वो व्ही७० शेजारी शेजारी उभ्या केल्या. विमानांच्या धावपट्टीवर ताशी ११० किलोमीटर वेग धरायचा आणि चार साधी कामं करायची, असा तो प्रयोग होता. सीट गरम करून तापमान वाढवणं आणि काचेवरचं धुकं घालवणं, रेडिओ लावून ठरावीक केंद्र पकडणं, प्रवासाच्या अंतराचा आकडा शून्यावर आणणं, डॅशबोर्डचा उजेड कमी करणं, अशी ती कामं. चालकांना आधी गाडीशी ओळख करून घ्यायला वेळही दिला होता. सतरा वर्षं जुन्या व्होल्वोत ही सगळी कामं दहा सेकंदांत झाली आणि तेवढ्यात गाडी ३०६ मीटर पुढे गेली. सगळ्यात मागे पडलेल्या एमजी मार्व्हल आर या गाडीत ४४.९ सेकंद लागले. तेवढ्यात कापलेलं अंतर होतं १,३७२ मीटर.

मग ही बटणं गेली कशी? टचस्क्रीन गाडीत पहिल्यांदा आली ती थेट १९८६ च्या ब्यूइक रिव्हिएरामध्ये. रेडिओ, हवा, तापमान सगळं एका छोट्या हिरवट पडद्यावर होतं. तेव्हाही चालकांनी हीच तक्रार केली की साध्या कामासाठी रस्त्यावरून डोळे काढावे लागतात. ब्यूइकनं काही वर्षांतच तो पडदा मागे घेतला. पुढे २०१२ मध्ये टेस्लानं मॉडेल एसमध्ये सतरा इंची स्क्रीन दिली आणि तिच्यापुढे बाकीच्या कंपन्यांचे डॅशबोर्ड एकदम जुनाट दिसू लागले. त्यानंतर जो तो स्क्रीन वाढवत आणि बटणं काढत गेला.

आधुनिक दिसण्याची हौस हे यातलं अर्धंच कारण. उरलेलं अर्धं कारखान्याच्या हिशेबात आहे. प्रत्येक बटणाला साचा लागतो, तार लागते, ते हजारो वेळा दाबून टिकतं का हे तपासावं लागतं, जुळणीच्या वेळी कुणाच्या तरी हातानं ते बसवावं लागतं. शिवाय बटणं कुठे आणि किती हे गाडी बाजारात यायच्या बरंच आधी पक्कं करावं लागतं. स्क्रीनचं तसं नाही. काचेचा एक तुकडा बसवला की त्यावर काय दिसायचं ते अगदी शेवटपर्यंत, अगदी गाडी विकून झाल्यावरसुद्धा बदलता येतं. तेच सामान स्वस्तातल्या आणि महागड्या मॉडेलला चालतं. कंपनीच्या दृष्टीनं हा फायद्याचा व्यवहार आहे आणि धंदा करणाऱ्यानं फायदा पाहावा यात वावगं काही नाही. आक्षेप एवढाच की वाचलेला खर्च कुठे नाहीसा झालेला नाही. तो रस्त्यावर, सेकंदांच्या आणि मीटरच्या रूपात, दुसऱ्यांच्या माथी आला आहे.

ग्राहकानं हे खपवून कसं घेतलं, तर शोरूममध्ये गाडी उभी असते म्हणून. उभ्या गाडीत मोठी स्क्रीन खरोखरच छान वाटते. तिचा त्रास पाऊस, अंधार, खराब रस्ता आणि वेग एकत्र आल्याशिवाय कळत नाही, आणि टेस्ट ड्राइव्ह बहुतेक वेळा दिवसाउजेडी, जवळच्या जवळ, सोबत विक्रेता बसवून होते.

माणसाच्या हाताला न बघता काय कळतं, याचा अभ्यास काही आजचा नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ विमानं सुखरूप उतरल्यावर धावपट्टीवरच पोटावर बसत. वैमानिक उतरल्यानंतर फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेला उघडणाऱ्या पट्ट्या, मिटायला जात आणि चुकून चाकंच आत घेत. वैमानिक थकलेले असतील, बेफिकीर असतील, असं म्हणून प्रश्न सुटत नव्हता. अल्फॉन्स चॅपनिस या मानसशास्त्रज्ञानं पाहिलं तेव्हा दोन्ही खटके शेजारी शेजारी आणि दिसायला एकसारखे होते. त्यानं चाकाच्या खटक्याला चाकासारखं रबरी टोक आणि फ्लॅपच्या खटक्याला पाचरीसारखं टोक लावलं. चूक थांबली. विमानांच्या खटक्यांना असे वेगवेगळे आकार असावेत हा नियम आजही पाळला जातो. हाताला ओळखू येणारा आकार हीच एक सूचना असते, आणि ती वाचायला डोळे लागत नाहीत. सपाट काचेवर वायपर आणि गाणं यांचा स्पर्श सारखाच असतो.

गाड्यांच्या जगानंसुद्धा हा धडा एकदा गिरवलेला आहे. पूर्वी काही अमेरिकन ऑटोमॅटिक गाड्यांत रिव्हर्स गिअर अगदी टोकाला, लो गिअरच्या शेजारी असे. उतारावर लो गिअर टाकायला गेलेला माणूस रिव्हर्समध्ये जाई. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, त्यामुळे गाडी बदलली की घोटाळा. १९६० च्या दशकाअखेर अमेरिकेनं नियम केला की पुढे जायच्या आणि मागे जायच्या गिअरमध्ये न्यूट्रल असलंच पाहिजे. त्यामुळे गाड्या महाग झाल्या नाहीत की नवं काही घडायचं थांबलं नाही. आज आपण अनोळखी ऑटोमॅटिक गाडीत बसतो आणि गिअरचा क्रम शोधत बसत नाही, ते या सरकारी बंधनामुळे. जिथे मांडणीत चलाखी करायला गेले तिथे काय झालं तेही नोंदलेलं आहे. फियाट क्रायस्लरनं काही गाड्यांत दर वेळी मधल्या जागी परत येणारा गिअरचा दांडा दिला. गाडी पार्कमध्ये आहे असं समजून लोक खाली उतरत आणि गाडी घरंगळत जाई. २०१६ मध्ये अशा दहा लाखांहून अधिक गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या.

समुद्रावरचं उदाहरण याहून गंभीर आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकन नौदलाची जॉन एस. मॅकेन ही युद्धनौका सिंगापूरजवळ एका तेलवाहू जहाजावर आदळली आणि दहा नौसैनिक मेले. चौकशीत समजलं की टचस्क्रीनवरून सुकाणू आणि वेग यांचा ताबा एका जागेवरून दुसऱ्या जागी देताना गोंधळ झाला होता. सुकाणू निकामी झालं असं खलाशांना वाटलं. वेग कमी करायला गेले तर एकाच बाजूचा कमी झाला आणि नौका वळून जहाजाच्या वाटेत गेली. पुढे २०१९ मध्ये नौदलानं आपल्या विनाशिकांवर हातानं धरता येतील असे खटके पुन्हा बसवायचं ठरवलं. रात्रंदिवस सराव असलेल्या, एकापेक्षा अधिक माणसं सोबतीला असलेल्या नौकेवर ही परिस्थिती, तर मागच्या सीटवर रडणारं मूल घेऊन एकटीनं गाडी चालवणाऱ्या बाईकडून आपण कसली अपेक्षा करतो?

स्क्रीनच्या बाजूनं बोलणाऱ्यांचे मुद्दे मी ऐकले आहेत आणि त्यांतले काही मला पटतात. मोठा नकाशा छोट्या नकाशापेक्षा नक्कीच बरा. मागचा कॅमेरा स्क्रीनशिवाय चालणार नाही, आणि त्या कॅमेऱ्यानं गाडीमागे खेळणारी मुलं वाचतात. अमेरिकेत मे २०१८ पासून नव्या गाड्यांत तो सक्तीचा आहे ते योग्यच झालं. तेव्हा स्क्रीन काढून टाका असं मी म्हणत नाही. चालत्या गाडीत तातडीनं लागणारी कामं तिच्यावर ढकलू नका, एवढंच मागणं आहे.

सवय होईल, असं म्हणतात. स्वीडनमधल्या चालकांना ओळख करून घ्यायला वेळ दिला होता हे वर आलंच आहे. शिवाय सवय हाताला लागते ती वस्तू जागची हलत नाही म्हणून. एका रात्रीत सॉफ्टवेअर बदलतं आणि काल डावीकडे असलेलं चिन्ह आज दुसऱ्या पानावर जातं, तिथे हातानं शिकायचं काय? आवाजानं सांगा, असं दुसरं उत्तर मिळतं. काही कामांना ते उपयोगी आहे. पण युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनच्या सुरक्षा प्रतिष्ठानासाठी केलेल्या अभ्यासात, गाडीला आज्ञा देऊन झाल्यावरही काही प्रणालींत चालकाचं लक्ष पूर्ववत व्हायला २७ सेकंदांपर्यंत वेळ लागल्याचं २०१५ मध्ये दिसलं. काच उघडी असेल, पाऊस पत्र्यावर वाजत असेल, बोलण्याची ढब गाडीला अनोळखी असेल, तर आणखी तारांबळ. स्वयंचलित वायपर असतात, मग हाताचं काम काय, असंही विचारलं जातं. सेन्सर चुकतो नेमका तेव्हाच हात लागतो. जर्मनीत एका टेस्लाचालकाला पावसात वायपरचा वेग स्क्रीनवरून बदलताना अपघात झाला. कार्ल्सरूहच्या न्यायालयानं २०२० मध्ये त्याचा दंड आणि एक महिन्याची वाहनबंदी कायम केली. फोन हाताळण्याला जो नियम, तोच त्या स्क्रीनला लागू, असं न्यायालयानं धरलं. निकाल मला समजतो. तरी वायपर तिथे नेऊन ठेवणाऱ्याला त्या प्रकरणात काहीच विचारलं गेलं नाही, हे खटकतं.

सामान्य चालकाला नवं काही नको असतं, तो कुरकुर करणारच, हे बोलणं मला सगळ्यात जास्त लागतं. मोटारीचा पहिला मोठा प्रवास केला तो बर्टा बेन्झ यांनी, ऑगस्ट १८८८ मध्ये, मोटार बनवणाऱ्या नवऱ्याला, कार्ल बेन्झ यांना, न सांगता, दोन मुलांना घेऊन, मानहाइम ते फोर्ट्सहाइम. वाटेत वीस्लोखच्या औषधाच्या दुकानातून इंधन घेतलं, तुंबलेली नळी टोपीच्या पिनेनं मोकळी केली, झिजलेल्या ब्रेकला चांभाराकडून चामडं लावून घेतलं. चढावर मुलांना गाडी ढकलावी लागली. परत आल्यावर बाईंच्या सांगण्यावरून गाडीला चढासाठी आणखी एक गिअर आला. ही विद्या कार्ल बेन्झ यांच्या कार्यशाळेत नव्हती, ती रस्त्यावर मिळाली. गाडी चालवणाऱ्याची तक्रार ही त्या धंद्याची सुरुवातीपासूनची शिदोरी आहे. फोक्सवॅगनला ते उशिरा का होईना उमगलेलं दिसतं. आवाज, हवा, तापमान आणि हॅझर्ड लाइट यांची खरीखुरी बटणं यापुढच्या प्रत्येक मॉडेलमध्ये असतील, असं त्यांचे डिझाइनप्रमुख आंद्रेआस मिंड्ट यांनी २०२५ मध्ये जाहीर केलं. ग्राहक वर्षानुवर्षं हेच सांगत होते.

चालकाचं लक्ष फुकटचं आहे असं धरून चालणं नुसत्या स्क्रीनपुरतं नाही. लांबच्या प्रवासातलं खाणंही त्यात येतं. १९८३ च्या अखेरीस क्रायस्लरच्या मिनीव्हॅन बाजारात आल्या त्या कप ठेवायच्या जागा घेऊन. सोय मोठी होती आणि लोकांना ती आवडली. तिथून पुढे गाडीचं हळूहळू जेवणाचं टेबल झालं. २०१८ मध्ये आलेल्या सुबारू असेंटमध्ये आठ माणसांसाठी एकोणीस कप ठेवायच्या जागा आहेत. थांबायची गरज नाही, चालता चालता खा, असं ही रचना गुपचूप सांगत राहते. आणि आपणही वेळ वाचला म्हणून खूश होतो.

खाताना नेमकं काय बिघडतं ते बघा. पहिला घास सरळ जातो. मग कागद उलगडायचा असतो, एक हात तेलकट होतो, तो स्टिअरिंगला लागू नये म्हणून माणूस मनगटानं चाक धरतो. गरम पेल्याचं झाकण नीट बसलेलं नसतं. एखादा तुकडा मांडीवरून निसटून ब्रेकच्या दिशेनं जातो आणि हात नकळत त्याच्यामागे जातो. व्हर्जिनिया टेकच्या त्याच अभ्यासात हलणारी वस्तू पकडायला जाण्यानं धोका जवळजवळ नऊ पटींनी वाढल्याचं दिसलं होतं. खाण्यापेक्षा सांडलेलं सावरणं कितीतरी वाईट, कारण तेव्हा डोळे, हात आणि मन तिन्ही एकदम खाली वळतात.

म्हणून प्रवासातल्या खाण्याबद्दल माझं मत ठाम आहे: चालवणाऱ्यानं खायचं ते उतरून खायचं. बाकीच्यांनी मागे बसून काय हवं ते खावं. पोटभर जेवून लगेच चाकामागे बसणंही टाळावं. दुपारी दोन ते चारच्या सुमाराला आणि पहाटे माणसाचं शरीर तसंही सुस्तावतं, त्यात जड जेवणाची भर नको. झोप येत असेल तर खाण्यानं किंवा खिडकी उघडण्यानं ती जात नाही. इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठात जिम हॉर्न आणि लुईस रेनर यांनी नव्वदच्या दशकात दाखवून दिलं की कॉफी पिऊन लगेच पंधरा मिनिटं डोळे मिटणं हा उपाय चांगला चालतो. कॉफीचा अंमल चढायला वीस-तीस मिनिटं लागतात, तोवर डुलकी होऊन जाते. पण हे करायचं तर सुरक्षित थांबायला जागा पाहिजे, आणि इथे प्रश्न एकट्या माणसाच्या शिस्तीचा राहत नाही.

युरोपीय संघाच्या २००६ च्या नियमानुसार ट्रक आणि बसच्या चालकाला साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते. यंत्रात त्याची नोंद होते, मोडलं तर दंड होतो. म्हणजे माणूस थकतो आणि थकलेला माणूस इतरांना धोका आहे, हे कायद्याला मान्य आहे. खासगी गाडीतल्या माणसाचं शरीर काही निराळं नसतं. त्याच्यावर यंत्र बसवावं असं मी म्हणणार नाही, तेवढी पाळत मलाही नको. पण जो कुणी महामार्ग बांधतो आणि टोल घेतो, त्यानं ठरावीक अंतरावर सावली, बाक, स्वच्छ संडास, पिण्याचं पाणी आणि साधं, हलकं खाणं मिळेल अशी जागा देणं हे रस्त्याच्या डांबराइतकंच आवश्यक मानलं गेलं पाहिजे. लांबच्या रस्त्यावर बाया पाणी पिणं टाळतात, कारण पुढे स्वच्छ संडास मिळेल याची खात्री नसते. तहानलेली, अवघडलेली, भुकेली माणसं घाईनं गाडी चालवतात, हे समजायला अभ्यास लागत नाही. इलेक्ट्रिक गाड्यांमुळे या बाबतीत एक चांगली गोष्ट होते आहे. चार्जिंगसाठी अर्धा तास थांबावंच लागतं. त्या अर्ध्या तासाला लोक नावं ठेवतात, मला तो या गाड्यांचा गुण वाटतो. फक्त चार्जर बसवताना शेजारी बसायला जागा आणि डोक्यावर छप्पर द्यायला विसरू नये.

आता नियमाचं. युरो एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासून त्यांना तारे देणाऱ्या संस्थेनं २०२६ च्या निकषांत इंडिकेटर, हॅझर्ड लाइट, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन मदतीची हाक या पाच गोष्टींसाठी हातानं चालणारं बटण किंवा खटका नसेल तर गुण कापायचं ठरवलं. पाऊल योग्य दिशेनं आहे, पण मला ते दोन कारणांनी अपुरं वाटतं. एक तर यादी तोकडी आहे. काचेवरचं धुकं घालवणं, तापमान, पंखा, आवाज आणि पुढचे-मागचे दिवे तिच्यात आले पाहिजेत. धुकं धरलेल्या काचेतून इंडिकेटर दाखवून काय उपयोग? दुसरं म्हणजे ते तारे आहेत, कायदा नव्हे. एखाद्या कंपनीनं तारा सोडायचं ठरवलं तर ती गाडी विकायला मोकळी आहे, आणि तारे वाचून गाडी घेणाऱ्याला निदान निवड तरी करता येते. त्या गाडीसमोरून रस्ता ओलांडणाऱ्याला तीही मिळत नाही. गिअरच्या क्रमाबाबत जे झालं तेच इथे व्हायला हवं: देशादेशांच्या वाहन नियमांत ही यादी यावी, आणि दोन सेकंदांची कसोटी सक्तीची व्हावी. ती कंपनीच्या अभियंत्यांनी न घेता, गाडी आयुष्यात पहिल्यांदा पाहणाऱ्या वेगवेगळ्या वयाच्या चालकांवर, अंधारात आणि हलत्या गाडीत घ्यावी. निकाल गाडीच्या किमतीशेजारी छापावा.

हे सगळं लवकर व्हायला हवं, कारण गाडी ही फोनसारखी दोन-तीन वर्षांनी बदलायची वस्तू नाही. आज विकली जाणारी गाडी दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या हातात जाऊन पंधरा-वीस वर्षं रस्त्यावर राहणार आहे. तोवर तिची स्क्रीन मंदावलेली असेल, एका कोपऱ्यात स्पर्शच घेत नसेल, सॉफ्टवेअर बदलणं कंपनीनं कधीच थांबवलेलं असेल. अशी वेळ आलीही आहे. २०२१ मध्ये टेस्लाला सुमारे १ लाख ३५ हजार मॉडेल एस आणि मॉडेल एक्स गाड्या परत बोलवाव्या लागल्या. स्क्रीनमागची मेमरी चिप वापरून वापरून झिजत होती, आणि स्क्रीन अंधारली की मागचा कॅमेरा आणि काचेवरचं धुकं घालवण्याची सोय तिच्याबरोबरच जात होती. तेव्हा गाड्या फार जुन्या नव्हत्या, कंपनी जागेवर होती आणि दुरुस्ती फुकट झाली. तिसऱ्या मालकाच्या पदरी पडलेल्या पंधरा वर्षांच्या गाडीसाठी हे कोण करणार, याचं उत्तर आज गाडी विकणाऱ्यांकडून लेखी घेतलं पाहिजे. ते देता येत नसेल तर त्यांनी काच साफ करायचा खटका डॅशबोर्डवर परत बसवावा.